अणुबाँब कुणाच्या सल्ल्याने? शास्त्रज्ञ, पंतप्रधान आणि बाहेर राहिलेले सगळे

मृद्गंध (चर्चाप्रस्ताव)

पोखरणचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजू उरतात. एका बाजूला शास्त्रज्ञांनी देशाची मान उंचावलेली असते, दुसऱ्या बाजूला राज्यकर्त्यांनी शास्त्रज्ञांना वापरून घेतलेले असते. मला दोन्ही पटत नाहीत. आजवर जे उजेडात आले आहे ते सलग वाचले तर दिसते असे की शास्त्रज्ञ कधी नुसते हुकमाचे ताबेदार नव्हते आणि पंतप्रधानही कधी एकटे धनी नव्हते. निर्णय झाले ते पंतप्रधान आणि दोन-चार शास्त्रज्ञ यांच्यात. त्या दोन-चार जणांचे म्हणणे तपासून पाहील, अशी कुणाचीच सोय आपण केली नाही. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे.

सुरुवात १९४८ पासून करावी लागते. होमी भाभांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नेहरूंना एक टिपण पाठवले. अणुऊर्जा आयोग तीन जणांचा असावा, त्याला कार्यकारी अधिकार असावेत आणि तो थेट पंतप्रधानांना जबाबदार असावा, मध्ये कुणी नको, असा त्याचा आशय. ऑगस्टमध्ये आयोग स्थापन झाला तो तसाच: भाभा, शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन. त्याच एप्रिलमध्ये अणुऊर्जा विधेयक चर्चेला आले तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी नेमका प्रश्न विचारला होता. ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या संशोधनापुरती आहे, मग आपल्याकडे ती सरसकट का? शांततेसाठीचे संशोधन आणि संरक्षणासाठीचे संशोधन एकमेकांपासून वेगळे कसे काढायचे ते मला समजत नाही, असे उत्तर नेहरूंनी दिले. उत्तर प्रामाणिक होते. पण त्यामुळे सगळेच दाराआड गेले, वीजनिर्मितीसुद्धा. पुढे १९५४ साली स्वतंत्र अणुऊर्जा खाते झाले, तेही थेट पंतप्रधानांकडे, आणि मुख्यालय दिल्लीत न ठेवता मुंबईत.

याचा परिणाम काय झाला हे पाहायचे तर १९६४ चा ऑक्टोबर बघा. १६ तारखेला चीनने पहिली चाचणी केली. २४ तारखेला भाभा आकाशवाणीवर बोलले. भाषण निःशस्त्रीकरणाचे होते, पण लोकांच्या लक्षात राहिले त्यातले आकडे. १० किलोटनच्या, म्हणजे दहा हजार टन टीएनटीइतक्या, स्फोटाला साडेसतरा लाख रुपये, २ मेगाटनच्या स्फोटाला ३० लाख. ५० अणुबाँबचा साठा १० कोटींच्या आत, ५० हायड्रोजन बाँब १५ कोटींच्या आसपास. संसदेत, वर्तमानपत्रांत हे आकडे तलवारीसारखे फिरले. एवढ्या स्वस्तात बाँब मिळतो तर सरकार मागे का?

हे आकडे आले कुठून? कालवे, बंदरे खणण्यासाठी अणुस्फोट वापरता येतील का, याचा अभ्यास अमेरिकेत चालला होता, तिथल्या अंदाजांतून. म्हणजे ज्या देशाकडे अणुभट्ट्या, प्लुटोनियम वेगळे करणारे कारखाने, चाचणीची मैदाने आणि हजारो माणसे आधीच उभी आहेत, त्याला आणखी एक स्फोट करायला वरखर्च किती, याचा तो हिशेब. आपल्याला हे सगळे उभे करायला लागणारा पैसा त्यात नव्हता, बाँब टाकायला लागणारी विमाने किंवा क्षेपणास्त्रे तर नव्हतीच. भाभांना हे कळत नव्हते असे मानायला मी तयार नाही. प्रश्न असा की त्या आठवड्यात त्यांना हे जाहीरपणे विचारू शकेल असा, त्याच विषयातला आणि त्यांच्या खात्याबाहेरचा, एक तरी माणूस देशात होता का? लालबहादूर शास्त्रींचा बाँबला विरोध होता, पण ते भौतिकशास्त्रज्ञ नव्हते आणि भाभांच्या तोडीचा दुसरा सल्लागार त्यांच्याजवळ नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस लोकसभेतल्या चर्चेत त्यांनी 'शांततेसाठी' अणुस्फोटाचे तंत्र विकसित करायला वाव दिला. दार तिथे किलकिले झाले.

आता उलटी बाजू. जानेवारी १९६६ मध्ये पंधरा दिवसांच्या आत शास्त्री आणि भाभा दोघेही गेले. मे महिन्यात विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. एक बाँब फोडल्याने सुरक्षितता येत नाही, त्यामागे सगळी संरक्षणव्यवस्था आणि अर्थव्यवस्था लागते, असे ते उघडपणे म्हणत. स्फोटाच्या तयारीचे काम त्यांनी थांबवले. मला साराभाईंचे म्हणणे जास्त पटते. तरीही धोरण एका रात्रीत फिरले ते अध्यक्ष बदलला म्हणून, हे नाकारता येत नाही. आणि त्यांच्याच कारकिर्दीत मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात राजा रामण्णांच्या गटाने स्फोटक साधनाच्या रचनेचे काम पुन्हा हाती घेतले. म्हणजे 'हो' म्हणणारा शास्त्रज्ञ असो की 'नको' म्हणणारा, दोघांचेही म्हणणे तपासले गेले नाही.

१९७४ च्या शेवटच्या बैठकांचे वर्णन रामण्णांनी आत्मचरित्रात केले आहे. इंदिरा गांधींचे सल्लागार पी. एन. हक्सर यांना वेळ योग्य वाटत नव्हती, त्यांचे सचिव पी. एन. धर यांचा आर्थिक कारणांसाठी विरोध होता, रामण्णांचे म्हणणे होते की तयारी इतकी पुढे गेली आहे की आता थांबता येणार नाही. इंदिरा गांधींनी ठरल्याप्रमाणे करा म्हणून सांगितले. संरक्षणमंत्री जगजीवनराम या निर्णयात कुठेच नव्हते, त्यांना अगदी शेवटी कळले. १८ मेच्या सकाळी स्फोट झाला. काही दिवसांतच कॅनडाने मदत थांबवली आणि पुढल्याच वर्षी अणुपुरवठादार देशांचा गट आकाराला आला. 'तयारी पुढे गेली आहे' हे कारण मला सर्वांत जास्त खटकते. ती तयारी करायची की नाही, हे कधी ठरले होते?

तुम्हाला काय वाटते?

---

सह्यकडा

लेख अभ्यासपूर्ण आहे, निष्कर्ष मान्य नाही.

तुम्ही ज्याला दोष म्हणता त्यामुळेच हा कार्यक्रम तगला. डिसेंबर १९९५ आठवा. नरसिंह राव चाचणीच्या तयारीत होते, अमेरिकेच्या उपग्रहांनी पोखरणमधली हालचाल टिपली, राजदूतांनी छायाचित्रे पुढे ठेवली आणि चाचणी बारगळली. १९९८ मध्ये तसे होऊ नये म्हणून जे केले ते बघा. अवजड काम रात्री, सकाळी यंत्रे पुन्हा जागच्या जागी, शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात. कलामांचे नाव मेजर जनरल पृथ्वीराज, तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आर. चिदंबरम यांचे मेजर जनरल नटराज. ट्रॉम्बेहून सामान निघाल्याचे मोजक्या लोकांना ठाऊक. हे संसदेच्या समितीत चर्चा करून झाले असते का?

आणि समित्या असल्या म्हणजे शहाणपण येते हाही भ्रम आहे. ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीने, ओपेनहायमर तिचे अध्यक्ष, हायड्रोजन बाँबचा धडक कार्यक्रम नको असा सल्ला दिला. ३१ जानेवारी १९५० ला ट्रुमन यांनी नेमके उलटे जाहीर केले. १९५४ मध्ये ओपेनहायमर यांची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी काढून घेतली आणि चौकशीत त्यांच्याविरुद्ध बोलायला हायड्रोजन बाँबचे पुरस्कर्ते एडवर्ड टेलर उभे राहिले. आपल्याकडे एकाही शास्त्रज्ञाची अशी गत झाली नाही. चीन शेजारी असताना, १९६२ च्या जखमा ओल्या असताना, भाभांनी देशाला धीर दिला असेल तर त्यात गैर काय?

---

मृद्गंध

@सह्यकडा, चाचणीचा दिवस गुप्त ठेवणे आणि चाचणी करावी की नाही हा प्रश्नच गुप्त ठेवणे यात मी फरक करते. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही.

ओपेनहायमर यांचे उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. त्या समितीचा अहवालही तेव्हा गोपनीयच होता, हे खरे. पण विरोध कारणांसकट लिहून ठेवला गेला आणि आज कुणालाही तो वाचता येतो. ट्रुमन यांनी सल्ला धुडकावला, पण कोणता सल्ला धुडकावला हे इतिहासाला ठाऊक आहे. शिवाय तिथे लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या जोडीला १९५२ पासून लिव्हरमोर उभी राहिली. एका प्रयोगशाळेचा दावा खोडून काढायला दुसरी टपलेलीच असे. त्या चढाओढीने शस्त्रस्पर्धा वाढवली, तो भाग मला अजिबात अनुकरणीय वाटत नाही. पण बाँबच्या रचनेबाबत आपल्याकडे ट्रॉम्बेला दुसरे मत देणारे कोण होते?

---

दीपमाळ

दुसरे मत देणारी माणसे होती. ती बाहेर राहिली, किंवा ठेवली गेली. दोघांची आठवण या धाग्यावर व्हायलाच हवी.

पहिले मेघनाद साहा. त्यांचा अणुऊर्जेला विरोध नव्हता, उलट अणुभौतिकीची संस्था त्यांनी कलकत्त्यात उभी केली. आयोग स्थापण्याची घाई नको, आधी विद्यापीठांत माणसे तयार करा, उद्योगाचा पाया घाला, असे त्यांचे म्हणणे. १९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आले आणि मे १९५४ मध्ये तिथे अणुऊर्जेवर चर्चा झाली तेव्हा त्यांनी या गुप्ततेवरच बोट ठेवले. कायद्यातली गुप्ततेची कलमे कामाला मारक आहेत, हे एक जागतिक कीर्तीचा भौतिकशास्त्रज्ञ भर सभागृहात सांगत होता. १९५६ मध्ये साहा गेले. त्यानंतर त्या तोलाचा शास्त्रज्ञ खासदार या विषयावर सरकारला धारेवर धरताना दिसत नाही.

दुसरे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी. भाभांनीच त्यांना टीआयएफआरमध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, गणितासाठी आणले होते. डेक्कन क्वीनने पुण्याहून रोज ये-जा करणारा हा माणूस शांतता चळवळीत जगभर हिंडला आणि मायदेशी सांगत राहिला की अणुऊर्जेवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा सूर्याकडे बघा, ते ऊन आपल्याकडे फुकट पडते. १९५० च्या दशकात! भाभांशी त्यांचे बिनसत गेले आणि १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. या एकाच कारणाने तसे झाले असे मी म्हणणार नाही, त्यांच्या गणिती कामाबद्दलही वाद होते. पण बाँब नको म्हणणारा माणूस भाभांच्याच छपराखाली होता आणि नंतर राहिला नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आणि एक तिसरे नाव, दौलतसिंह कोठारी. संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार. १ मार्च १९५४ च्या अमेरिकी चाचणीनंतर नेहरूंनी चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले, आणि पुढे कोठारींकडून अणुस्फोटांच्या परिणामांवर सविस्तर अभ्यास करवून घेतला. १९५६ मध्ये तो पुस्तकरूपाने सरकारी प्रकाशन विभागाने छापला, नेहरूंच्या प्रस्तावनेसह. किरणोत्सर्गी धूळ किती पसरते, माणसाच्या शरीरात काय होते, हे सगळे कुणालाही वाचता यावे असे. संरक्षण खात्यातला शास्त्रज्ञ जनतेसाठी लिहितो आणि पंतप्रधान त्याची पाठराखण करतात, हेही याच देशात घडले आहे. मग पुढे ते का थांबले?

---

पूर्वा

कोठारींचे माहीत नव्हते. धन्यवाद.

एक विचारायचे होते. बाँब बनवणार नाही असे म्हणून कुणी शास्त्रज्ञ काम सोडून गेल्याची उदाहरणे आहेत का? आणि त्याचा धोरणावर काही परिणाम झाला का?

---

आडवाट

@पूर्वा, आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

जोसेफ रॉटब्लॅट १९४४ च्या अखेरीस लॉस अलामॉस सोडून गेले. जर्मनी बाँब बनवू शकत नाही हे स्पष्ट झाल्यावर आपण इथे कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. पुढे ते अण्वस्त्रांच्या धोक्यावर विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदेचे प्राण झाले आणि १९९५ मध्ये त्यांना व त्या परिषदेला शांततेचे नोबेल मिळाले. ही परिषद मुळात दिल्लीत भरायची होती, नेहरूंचे तसे निमंत्रण होते. सुएझच्या संघर्षामुळे बेत फिसकटला आणि १९५७ मध्ये ती कॅनडातल्या पगवॉश नावाच्या खेड्यात भरली.

सर्वांत परिणामकारक म्हणाल तर माझ्या मते गॉटिंगेनचे अठरा जण. एप्रिल १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत आडेनाउअर सरकार सैन्याला अण्वस्त्रे देण्याच्या गोष्टी करू लागले. ओटो हान, हायझेनबर्ग, माक्स बॉर्न, वाइत्सेकर यांच्यासह अठरा शास्त्रज्ञांनी जाहीर केले की आम्ही अण्वस्त्रांच्या निर्मितीत, चाचणीत वा वापरात कोणत्याही प्रकारे भाग घेणार नाही. आडेनाउअर संतापले, पण त्यांना या मंडळींना बोलावून चर्चा करावी लागली. एकट्याचा नकार बाजूला सारता येतो. देशातले सगळे नामवंत एका कागदावर सही करतात तेव्हा सरकारला तसे करता येत नाही.

सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांचे उलट. १९६१ च्या जुलैमध्ये त्यांनी क्रुश्चेव्हना भर बैठकीत चिठ्ठी पाठवली की चाचण्या पुन्हा सुरू करणे चुकीचे ठरेल. क्रुश्चेव्हनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत त्यांना सुनावले की राजकारण आमच्यावर सोडा. ऑक्टोबरमध्ये इतिहासातला सर्वांत मोठा बाँब फुटला, आणि तो बनवणाऱ्या चमूत साखारोव्ह स्वतः होते.

१९९८ नंतर आपल्याकडेही अनेक शास्त्रज्ञांनी चाचण्यांविरुद्ध पत्रके काढली. त्यांतले बहुतेक अण्वस्त्र कार्यक्रमाच्या बाहेरचे होते, त्यामुळे सरकारला दुर्लक्ष करणे सोपे गेले. ट्रॉम्बेच्या आतून मात्र गॉटिंगेनसारखे काही उमटले नाही.

---

खडूफळा

वर्गात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून मला २००९ चा वाद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आश्चर्य आहे की अजून कुणी काढला नाही.

११ मे १९९८ ला तीन साधने एकदम उडवली. त्यात ४५ किलोटनच्या आसपासचे औष्णिक-अण्विक, म्हणजे हायड्रोजन बाँबच्या जातीचे साधन होते, असा अधिकृत दावा. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी लहरींवरून एकूण स्फोट बराच लहान असल्याचा अंदाज काढला. आपल्या शास्त्रज्ञांनी त्याला खडकांची रचना, एकाच वेळी झालेल्या स्फोटांच्या लहरींचा एकमेकींवर होणारा परिणाम अशी कारणे देऊन उत्तर दिले. इथवर वाद देशी विरुद्ध परदेशी असा होता.

मग ऑगस्ट २००९ मध्ये के. संथानम बोलले. हे डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे, १९९८ च्या चाचणीच्या जागेवरच्या तयारीचे प्रमुख समन्वयक. साधा मुद्दा मांडला त्यांनी. विखंडनाच्या, म्हणजे अणुकेंद्र फोडून ऊर्जा काढणाऱ्या साध्या बाँबने जमिनीत मोठा खड्डा पडला, आणि त्याहून कितीतरी मोठा म्हणवल्या जाणाऱ्या साधनाचा शाफ्ट (ते पुरण्यासाठी खणलेली उभी विहीर) मात्र जवळपास शाबूत राहिला. मग तो स्फोट अपेक्षेइतका झाला कसा? पी. के. अय्यंगार, जे स्वतः आयोगाचे अध्यक्ष होते, आधीपासून शंका घेत होते. आणखी एक माजी अध्यक्ष होमी सेठनाही संथानम यांच्या बाजूने बोलले. चिदंबरम आणि तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी ठामपणे दावा फेटाळला, शाफ्टची खोली आणि खडक वेगळे होते असे सांगितले. कलामांनीही चाचणी यशस्वी असल्याचे म्हटले. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी संथानम यांना झापले.

दोन्ही बाजूंना आयुष्य या कामात घालवलेली माणसे. कोण बरोबर? स्फोटानंतर खोल खणून काढलेल्या नमुन्यांच्या किरण-रासायनिक तपासणीत याचे उत्तर असते, कारण विखंडनातून आणि संमीलनातून (हायड्रोजन बाँबमधली अणुकेंद्रे जोडण्याची क्रिया) निघणारे अवशेष वेगवेगळे असतात. तो तपशील संपूर्ण दिला तर बाँबची रचना उघडी पडते, म्हणून देता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेही समजू शकतो. पण मग स्वतंत्र, शपथबद्ध शास्त्रज्ञांच्या गटाकडून दाराआड तपासणी करून घ्यायला काय हरकत होती? संथानम आणि अय्यंगार यांची मागणी जवळपास तशीच होती.

विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना दोन्ही बाजू सांगतो आणि थांबतो. विज्ञानाच्या तासाला 'ते मोठे शास्त्रज्ञ आहेत म्हणून खरे' असे सांगावे लागणे मला सहन होत नाही.

---

सह्यकडा

@खडूफळा, शपथबद्ध गटाची सूचना मला मान्य आहे. पण या वादात एक गोष्ट निसटते. आपल्या धोरणाचा पाया मेगाटनवर नाही. ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेल्या भूमिकेत शब्द आहेत विश्वासार्ह किमान प्रतिरोधन (शत्रूला हल्ल्याचे धाडस होऊ नये एवढी शस्त्रे) आणि प्रथम वापर नाही. १५-२० किलोटन म्हणजे हिरोशिमा-नागासाकी. प्रतिरोधनाला ते पुरते. हायड्रोजन बाँब पूर्ण यशस्वी झाला की नाही यावर देशाची सुरक्षा अवलंबून नाही.

---

खडूफळा

@सह्यकडा, 'विश्वासार्ह' हा त्यातला पहिला शब्द आहे. आणि संथानम यांचा रोख तर असा होता की चाचणी अपुरी आहे, म्हणून चाचणीबंदी करारावर सही करण्याची घाई करू नका. म्हणजे स्फोटाचा आकडा थेट परराष्ट्र धोरणाला भिडतो. मी स्वतः आणखी चाचण्यांच्या विरुद्ध आहे, तरी हे सांगतो.

---

आडवाट

शास्त्रज्ञांनी राजकारण्यांना वाकवल्याचे एक अलीकडचे उदाहरण आहे आणि ते बऱ्यापैकी उघडपणे घडले. भारत-अमेरिका अणुकरार. फेब्रुवारी २००६ मध्ये काकोडकर यांनी आयोगाचे अध्यक्ष असताना मुलाखत देऊन सांगितले की द्रुतप्रजनक अणुभट्ट्या (जळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या) नागरी यादीत टाकून आंतरराष्ट्रीय तपासणीखाली देता येणार नाहीत. पदावरच्या माणसाने असे बोलणे दुर्मीळच. मार्चमध्ये नागरी आणि लष्करी कार्यक्रमांच्या विभाजनाची योजना ठरली तेव्हा २२ पैकी १४ अणुभट्ट्या तपासणीखाली गेल्या आणि कल्पक्कमची प्रजनक भट्टी बाहेर राहिली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये आठ निवृत्त ज्येष्ठांनी, त्यांत सेठना, अय्यंगार, ए. एन. प्रसाद, संसदेला जाहीर आवाहन केले आणि पंतप्रधानांना त्यांच्याशी बोलावे लागले.

करार चांगला की वाईट हा वेगळा धागा होईल. पण त्या दोन वर्षांत सामान्य वाचकाला प्रजनक भट्टी म्हणजे काय, पुनर्प्रक्रिया म्हणजे काय हे समजले, ते शास्त्रज्ञ आपसांत जाहीरपणे भांडले म्हणून. देशाचे त्यात काही बिघडले नाही.

---

दीपमाळ

@आडवाट, पूर्ण सहमत. त्याच सहीकर्त्यांत ए. गोपालकृष्णन होते. ते १९९३ ते १९९६ अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. १९९५ मध्ये त्यांच्या मंडळाने खात्याच्या आस्थापनांतल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींची यादी केली. ती गोपनीय ठरली. मंडळ ज्या आयोगाला जबाबदार, त्याचा अध्यक्ष हाच खात्याचा सचिव, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाच अहवाल द्यायचा. २००० मध्ये भाभा केंद्र तर या मंडळाच्या कक्षेतूनच काढून घेतले आणि केंद्राची अंतर्गत समिती नेमली. बाँबसाठीची गुप्तता कामगारांच्या आणि आसपासच्या वस्तीच्या सुरक्षिततेपर्यंत कशी झिरपते, ते इथे दिसते.

---

मृद्गंध

सगळ्यांचे आभार, विशेषतः @दीपमाळ आणि @खडूफळा यांचे. @सह्यकडा, शपथबद्ध गटावर आपले एकमत झाले याचा मला खरोखर आनंद आहे.

माझ्याकडून एक ठोस मागणी. १९६४ ते १९७४ या दहा वर्षांची धोरणविषयक कागदपत्रे खुली करा. बाँबची रचना नको, नकाशे नकोत. फक्त कुणी काय सल्ला दिला, कुणी कशासाठी विरोध केला, खर्चाचा अंदाज काय होता. आज या काळाबद्दल आपल्याला जे कळते ते रामण्णांच्या आठवणींतून, हक्सरांच्या खासगी कागदपत्रांतून आणि अमेरिकेने खुल्या केलेल्या तारांमधून. भाभांनी १९६४-६५ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांना काय सांगितले ते वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात वाचता येते. त्याच महिन्यांत त्यांनी शास्त्रींना काय लिहिले, त्याची फाइल मुंबईत किंवा दिल्लीत असेल तर ती आपल्या संशोधकाला मागून मिळायला हवी. त्या बैठकांमध्ये बसलेल्यांपैकी आता कुणीही हयात नाही. ही फाइल बंद ठेवून नेमके कुणाचे रक्षण होते, हे अणुऊर्जा खात्याने एकदा लेखी सांगावे.